गोदाआत्याचं काय करायचं

"फुई, मला एक कुटुंब पाहिजे," असं म्हणत दिपमाला ग्रंथालयाच्या काउंटरसमोर येऊन उभी राहिली, तेव्हा मी परत आलेल्या पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारत होते.

"घरी आहे की एक," मी म्हटलं. "तेवढं पुरत नाही का?"

"तसलं नको गं. कादंबरीतलं. मोठं, तीन पिढ्यांचं, सतत भांडणारं."

"म्हणजे घरचंच."

दिपमाला माझ्या भावाची, निंबाभाऊची मुलगी. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. धुळ्यात देवपुरातल्या ज्या कॉलेजात मी ग्रंथालयात काम करते, त्याच कॉलेजात ती समाजशास्त्रात एम. ए. करतेय. घरून आम्ही एकाच स्कूटीवर निघतो. ती गाडी चालवते आणि मी मागे बसून ती कशी चालवावी ते सांगते. तिच्या अमृतकर सरांनी यंदा वर्गाला एक काम दिलं होतं. एक कादंबरी घ्यायची, कुटुंबजीवनाचे जे जे सिद्धान्त शिकलात ते तिच्यातल्या कुटुंबाला लावून पाहायचे आणि निबंध लिहायचा. त्यातला सगळ्यात चांगला निबंध भाद्रपदात जळगावच्या परिसंवादात वाचायला मिळणार होता. दिपमालेला तो वाचायचाच होता. कारण तिचा भाऊ ललित जळगावला नोकरीला आहे आणि त्याच्या मते समाजशास्त्र म्हणजे ज्यांना दुसरं काही मिळालं नाही त्यांची सोय. त्याला समोर बसवून ऐकवायचं, एवढंच पोरीच्या मनात होतं.

मी आत गेले आणि 'सामाईक विहीर' काढून आणली. जाडजूड कादंबरी. चार भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, एक म्हातारी आणि सगळ्यांची मिळून एक विहीर. विहिरीवर मोटार कोणी बसवायची यावरून घर फुटतं आणि शेवटी विहीरच आटते. लेखकाला माणसांची भूक-तहान कळते, एवढं मी नक्की सांगेन. मी ती कितीदा वाचली असेल, माझं मला ठाऊक नाही. पण ती का वाचते, ते मी दिपमालेला सांगितलं नाही. त्यात गोदाआत्या आहे. चार भावांची एकुलती बहीण, सासरहून परत आलेली. ती सारखी विहिरीवर असते. पान उलटलं की गोदाआत्या पाणी शेंदतेय, पुन्हा उलटलं की गोदाआत्या घागर विसळतेय. लेखक तिला एखाददुसरं वाक्य देतो आणि भावांच्या भांडणाकडे निघून जातो.

आता माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझं नाव सुपडाबाई. निंबाभाऊनंतरची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर मला सुपात घातलं, तेच नाव पडलं. लग्न यावलला झालं, केळीच्या बागा असलेल्या घरात. मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी आणली, तेव्हा मी माझी पिशवी उचलली आणि एस.टी. धरून धुळ्याला भावाकडे आले. सोडचिठ्ठी वगैरे काही झालं नाही. ना त्यांनी बोलावलं, ना मी गेले. दिपमाला तेव्हा जन्मलीही नव्हती. तेव्हापासून मी या घरात आहे. पगार घरात देते, कामं करते, भांडते आणि टीव्हीचा रिमोट माझ्याकडे असतो. कोणी मला कधी वाकडा शब्द बोललेलं नाही. माझ्याशी बोलायची कोणाची टाप आहे म्हणा!

दिपमाला रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून कादंबरी वाचायची आणि जे सापडेल ते आम्हाला ऐकवायची. घरात आम्ही अहिराणीच बोलतो, पण सिद्धान्त सांगायची वेळ आली की पोरगी एकदम शुद्ध मराठीत शिरायची.

"कार्यवादी दृष्टीनं पाहिलं तर कुटुंब म्हणजे एक शरीर," ती म्हणाली. "प्रत्येक माणूस म्हणजे एकेक अवयव. प्रत्येकाचं काही ना काही कार्य असतं."

माझी वहिनी मंजुळाबाई भाकरी थापत होती. तिनं मान न वळवता विचारलं, "मंग तुना बाप कोनता अवयव शे?"

निंबाभाऊ दाराशी खुर्चीत पेपर वाचत होता. त्यानं पान उलटलं.

"पोट," वहिनीनंच उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी संघर्षवाद आला. कुटुंबात संपत्ती आणि सत्ता यांसाठी ओढाताण चालते, प्रेम वगैरे वरचा मुलामा. निंबाभाऊनं पेपर खाली केला आणि म्हणाला, "हाई मातर खरं शे." गावाकडच्या बांधाचं त्याच्या चुलतभावाशी वाजलेलं आहे, त्यामुळे त्याला तो सिद्धान्त लगेच पटला. मग स्त्रीवादी मांडणी आली, घरातलं बायकांचं राबणं कामात धरलंच जात नाही ती. वहिनीनं ते दोनदा सांगायला लावलं. मग हात धुतले आणि नवऱ्याला म्हणाली, "आयकं का? उठा, कांदा चिरा." भावाची त्या दिवसापासून समाजशास्त्रावरची मर्जीच उडाली.

दिपमाला खूश होती. प्रत्येक सिद्धान्त कादंबरीला बसतोय म्हणाली. मला तिथेच शंका यायला हवी होती. जे ब्लाउज सगळ्यांना बसतं, ते कोणालाच नीट बसत नाही.

श्रावण लागला आणि तिनं निबंधाचा कच्चा मसुदा माझ्यापुढे ठेवला. "फुई, तू पहिली वाच. सरांच्या आधी."

मी चष्मा लावून वाचायला बसले. चांगलं लिहिलं होतं, खोटं कशाला बोलू? विहीर ही त्या घराची सत्ता कशी, मोठी सून सगळ्यांत आधी उठते आणि सगळ्यांत शेवटी जेवते हे लेखक कौतुकानं कसं लिहितो आणि त्यात लपलंय काय, हे सगळं तिनं सोडवून दाखवलं होतं. माझा ऊर भरून आला. ही पोरगी मी कडेवर वागवलेली. मग पान उलटलं आणि आकृती आली. मोठा चौकोन, त्यात लहान चौकोन, प्रत्येकात एक नाव, नावाखाली त्याचं कार्य. म्हातारीपासून शेवटच्या तान्ह्या पोरापर्यंत सगळी आत होती. गोदाआत्या मोठ्या चौकोनाच्या बाहेर होती. ठिपक्याठिपक्यांची एक रेघ तिच्यापर्यंत आली होती आणि खाली लिहिलं होतं, 'अवलंबित नातलग, परिघावर.'

"ही बाहेर का?" मी विचारलं.

"कोण?"

"गोदाआत्या."

"ती त्या कुटुंबाची सदस्य नाही ना फुई. लग्न होऊन गेली आणि परत आली. वाटणीत ती नाही, निर्णयात नाही, कुळाचारात नाही. राहते त्याच घरात, पण कुठल्याच व्याख्येत बसत नाही. मी सगळ्या लावून बघितल्या."

"चारी भावजयांची बाळंतपणं कोणी काढली? म्हातारी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं हगणंमुतणं कोणी काढलं?"

"तू," दिपमाला म्हणाली. मग जीभ चावून म्हणाली, "म्हणजे, तिनं."

माझी आई गेली तेव्हा दिपमाला लहान होती, पण लहान पोरांना सगळं दिसतं.

मग ती माझ्याकडे वळली. आवाज मऊ होता, पण बोलली ती सरळ. "फुई, पुस्तकात आहे तसं मी काढलंय. गोदाआत्याला आत घेतलं तर तुला बरं वाटेल, पण निबंध खोटा होईल. तिला त्या घरानं बाहेर ठेवलंय. मी नाही ठेवलं."

तिचं बरोबर होतं आणि म्हणूनच माझा जास्त तिळपापड झाला. चुकलेल्या माणसावर रागावून निदान समाधान तरी मिळतं. मी कागद तिच्या हातात दिले आणि म्हटलं, "मग ठिपके जरा ठळक काढ. जळगावला मागच्या रांगेत बसलेल्यांना दिसले पाहिजेत." आणि उठून गेले. त्यानंतर मी कॉलेजला रिक्षानं जायला लागले. पोरगी स्कूटी घेऊन हळूहळू रिक्षाच्या मागे यायची. मी एकदाही वळून पाहिलं नाही, पण ती सिग्नलला नीट थांबते की नाही ते रिक्षाच्या आरशातून बघत होते.

त्यातच कानबाई आली.

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने चढवून देवी करायची, चौरंगावर बसवायची, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी नदीवर पोहोचवायची. या सणाचा खरा जीव रोटात. रोट म्हणजे देवीच्या नावानं मोजून घेतलेल्या गव्हाचा स्वयंपाक. आमच्या भावकीत घरातल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं एकेक मूठ गहू सुपात टाकायचे. म्हणायला मूठ, घेतात दोन्ही हातांची भरगच्च ओंजळ. ते गहू दळून त्यांच्या पुरणपोळ्या करायच्या आणि त्या फक्त कुळातल्यांनी खायच्या. शेजाऱ्याला नाही, जनावराला नाही. सोमवारी दिवेलागणीच्या आत सगळं संपलंच पाहिजे, उरलं तर देवीचा कोप. आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीला रोट चालत नाही. तिचं कूळ बदललं, तिनं तिच्या सासरी खावा.

माझा रोट यावलला. तिथं माझ्या नावानं कोणी मूठ टाकत असेल, ही काही होणारी गोष्ट नाही. तिथली माझी मूठ दुसरीच्या नावानं गेली आणि इथली माझी मूठ मी लग्नाच्या मांडवात गमावली.

परत आल्यानंतरच्या पहिल्याच कानबाईला, कोणी काही म्हणायच्या आत, मी मागच्या खोलीत माझा छोटा कुकर वेगळा लावला आणि मुगाची खिचडी टाकली. कोणीतरी उठवण्यापेक्षा आपण उठलेलं बरं. तेव्हापासून दर वर्षी तीच रीत पडली. कानबाईला सजवते मी. तिची नथ माझ्याशिवाय कोणाला नीट लावता येत नाही. गाणी मीच सांगते, बाकीच्या मागून म्हणतात. पुरण मी वाटते. वाटायला चालतं, खायला चालत नाही. लोक विचारायचे तर मी म्हणायचे, मला गोड आवडतच नाही. इतकी वर्षं म्हटलं की शेजारणी खरोखरच दिवाळीत मला फक्त चिवडा पाठवायला लागल्या. पण इथे खोटं सांगत नाही. मला पुरणपोळी फार आवडते. आणि पोळीपेक्षाही मला हे हवं होतं की सुपावर ओंजळ धरून कोणीतरी एकदा माझं नाव घ्यावं. त्या आकृतीनं मला टोचलं ते याच जागी.

शनिवारी गहू मोजायचे होते. अमळनेरकडच्या आमच्या गावाहून अभिमनआबा आले. भावकीत आता तेच सगळ्यांत मोठे. आबा नावं सांगतात, वहिनी मुठी टाकते, असं ठरलेलं. मी त्या वेळी मुद्दाम ग्रंथालयात थांबले आणि गरज नसताना कपाटांची धूळ झटकली. घरी आले तेव्हा आबा चहा पिऊन पडले होते आणि दिपमाला डबा घेऊन गिरणीवर गेली होती.

रविवार छान गेला. ललित जळगावहून आला आणि आल्या आल्या बहिणीला म्हणाला, "काय मंग, समाज सुधरना का?" तिनं त्याला उत्तर दिलं नाही, त्याअर्थी तिचा मूड बरा नव्हता. माझ्याकडे ती येताजाता बघत होती. मी कानबाईचं गाणं जरा जास्तच जोरात म्हणत होते. सोमवारी देवीला डोक्यावर घेऊन पांझरा नदीवर गेलो, वाजतगाजत पोहोचवली आणि भिजलेल्या पदरांनी घरी आलो. दुपारी मी मागच्या खोलीत माझी खिचडी खाल्ली. तिकडे पुढे पंगत बसली. ऊन उतरायला लागलं तेव्हा उरलेला रोट संपवायला घरची माणसं पुन्हा बसली. मी पाणी द्यायला दाराशी उभी होते.

तर पोळ्या संपेनात.

निंबाभाऊनं हात वर केले. ललितनं कमरेचा पट्टा सैल केला. वहिनी घामाघूम होऊन बसली होती, तिच्यानं घास गिळवत नव्हता. आणि परातीत पोळ्यांची चळत तशीच. थोडीथोडकी नाही, एका माणसाचं पोट भरेल इतकी. बाहेर उजेड कमी होत चालला होता.

आबांनी परातीकडे पाहिलं. "मंजुळा, हाई इतलं कसं काय उरनं? मी नावं सांगी, तू मूठ टाकी. चुकनं कोठे?"

"आबा, मना पोटमा आते जागा नही," ललित कळवळून म्हणाला.

वहिनी जमिनीकडे बघत होती. तेवढ्यात दिपमाला ताटावरून उठली. चेहरा उतरलेला, पण ताठ उभी.

"आबा, मी टाकी एक मूठ. गिरणीवर जावाना आगोदर."

"कोना नावनी?"

"फुईना नावनी."

माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला. मला वाटलं, आता आबांचा आवाज चढणार. म्हाताऱ्याचा आवाज चढला की पांझरेपलीकडे ऐकू जातो. आणि खरं सांगायचं तर मला दिपमालेचाही राग आला. मला न विचारता माझ्या वतीनं दान कोणी मागितलं? आधी ठिपक्यांची रेघ काढायची, मग दया येऊन गहू टाकायचे! मी तोंड उघडणार, इतक्यात वहिनीनं मान वर केली. ती दिपमालेकडे बघत होती आणि तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता.

"तू बी टाकी?" ती म्हणाली.

कोणाला काही कळेना. निंबाभाऊनं विचारलं, "बी म्हंजे?"

वहिनीनं पदरानं घाम पुसला. "मी टाकस. दरसाल. आबा चहा पेवाले उठनात का टाकी देस."

"कोना नावनी?" आबांनी विचारलं, पण त्यांना कळलं होतं. सगळ्यांनाच कळलं होतं.

"आणखी कोना? सुपडाना."

"मंग ती खास कोन?" ती खातं कोण, हे आबांना कळेना.

"कोन खाई?" वहिनी एकदम चिडली. "मीच खास. मोजेल शे ते फेकता येस का? मनी खास आनि तिनी बी खास."

तुम्हाला सांगते, दर वर्षी कानबाई गेली की मंगळवारी वहिनीचं पोट बिघडायचं. दर वर्षी. आणि मी तिला ओव्याचं पाणी करून द्यायचे आणि वरून बोलायचे. "नाव देवीचं आणि पोट हिचं," म्हणायचे. "फुकटचा रोट दिसला की सुटतेच," म्हणायचे. शेजारणींना हसून सांगायचे, आमच्या वहिनीला कानबाई बाधते. ती उताणी पडून ऐकून घ्यायची आणि ओव्याचं पाणी प्यायची. एकदाही म्हणाली नाही की बाई, हे तुझं आहे, जे मला पचत नाहीये.

मी दाराच्या चौकटीला टेकले. 

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं. घरात असून मी शुद्ध मराठीत बोलले, इतकी मी गोंधळले होते.

"सांगतू ते तू खाती का?" वहिनी म्हणाली. "तुना ताठा माले माहीत नही का? पह्यलाच साल तू आपला कुकर येगळा मांडी बसनी. माले तोंड उघाडू दिधं का तू? मना हातमा मूठ व्हती, ती मी टाकी."

आबांनी परात पुढे ओढली. मग आबांनी खाकरून घसा साफ केला. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझी तयारी होती, मागच्या खोलीत जायची.

"रीत काय शे?" आबा म्हणाले. "जेना नावनं मोजेल शे, तेनी खावं. आते मंजुळा इतला साल दुसरानं खात ऱ्हायनी. ते चुकनं. आते परत चुकू नका." मग माझ्याकडे वळून, जरा ओशाळ्या आवाजात, "सुपडा, भूक शे का तुले?"

दुपारची खिचडी माझ्या पोटात दगडासारखी बसली होती.

"शे आबा," मी म्हटलं. "लई भूक लागेल शे."

वहिनी उठली. तिनं स्वतःच्या शेजारी पाट मांडला, ताट पुसून घेतलं, पोळी वाढली, वर तूप सोडलं, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी वाढली, खीर वाढली. मी बसले. पहिला घास घेतला आणि मला रडू आलं. मी लपवलं नाही. कोणी गप्प बस म्हणालं नाही. निंबाभाऊ उगाच खिडकीकडे बघत राहिला. ललितनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला आणि त्या दिवशी तो पहिल्यांदाच समाजशास्त्रावर काही बोलला नाही.

दिपमाला माझ्यासमोर मांडी घालून बसली. डोळे तिचेही भरलेले होते, पण पोरगी कोणाची आहे! दुसऱ्या पोळीला तिनं विचारलंच. "फुई, मग मी आकृती बदलू का? गोदाआत्याला आत घेऊ?"

मी घास गिळला. राग कुठे गेला होता देव जाणे. "नको," मी म्हटलं. "पुस्तकात आहे तसंच राहू दे. तिथे तिच्या नावानं कोणी काही केल्याचं लिहिलेलं नाही. तुझी रेघ बरोबर आहे."

"पण लिहिलं नाही म्हणून झालंच नसेल असं कसं म्हणू? आपल्याकडे तरी कुठे कोणी लिहिलं होतं? मी याच घरात वाढले आणि मला माहीत नव्हतं."

"मग तसं लिही. निबंधाच्या शेवटी ते अभ्यासाच्या मर्यादा वगैरे असतं ना, तिथे लिही. म्हणावं, या कुटुंबात कोण कोणाच्या वाटचं जेवत होतं, ते मला पुस्तकावरून सांगता येत नाही."

दिपमाला विचारात पडली. मग म्हणाली, "मर्यादांत नाही. हे सुरुवातीलाच घेते. प्रश्न म्हणूनच घेते." आणि उष्ट्या हातानं तशीच बसून राहिली. डोक्यात निबंध नव्यानं चालू झाला होता, ते मला दिसत होतं. जळगावला तिचं काय होईल ते होवो, अमृतकर सरांना तो प्रश्न चुकवता येणार नाही.

बाहेर उजेड अजून थोडा होता. परातीत शेवटची पोळी राहिली. माझ्या गळ्याशी आलं होतं. खिचडी, त्यावर पुरण, त्यावर खीर. मी आशेनं वहिनीकडे पाहिलं. एवढी वर्षं सवय असलेलं माणूस, निदान अर्धी तरी घेईल म्हणून.

वहिनीनं ती पोळी उचलली, माझ्या ताटात ठेवली आणि तूप घालत म्हणाली, "माले काय दखस? मी मनी खाई लिधी आनि तुनी बी खाई लिधी. हाई पोरनी टाकेल शे, ती तू खाय. आनि पुढला सालपासून तुनी मूठ तूच खाय बाई, माले आते पचत नही."

"हो," मी म्हटलं. इतक्या वर्षांत वहिनीला मी इतक्या पटकन हो कधी म्हटलं नसेल.